गाडी एका अंगाला बसली? आधी टेप आणा



पिकाचे पान पिवळे पडले म्हणून जाणता शेतकरी लगेच युरियाची गोणी फोडत नाही. वाफ्यात पाणी साचले आहे का, मुळाला कीड लागली आहे का, हे तो आधी पाहतो. गाडीचेही तसेच आहे. आता बऱ्याच वस्त्यांवर मालाची पिकअप आली आहे, आणि हंगाम सरत आला की तक्रार ऐकू येते, "साहेब, गाडी मागून एका अंगाला बसली. टायर मडगार्डला घासतोय." काही जण घाईने दोन्ही शॉकअप बदलून आणतात. पैसे जातात, गाडी मात्र कललेली ती कललेलीच!

कारण सोपे आहे. गाडीचा भार पाटे पेलतात. घरच्या मोटारीत बहुधा पाट्यांच्या जागी गोल वळ्यांची स्प्रिंग असते. शॉकअपचे काम फक्त उसळी आवरण्याचे. बसलेली बाजू तो उचलणार कसा?

तेव्हा प्रथम मोजा. गाडी रिकामी करून सपाट फरशीवर उभी करा. गाडीच्या माहितीपुस्तकात दिली आहे तेवढी हवा भरा. दोन्ही बाजूंचे टायर एकाच मापाचे आहेत ना, ते त्यांच्यावरचे आकडे वाचून पाहा. मग दोन्ही बाजूंची दोन मापे घ्या : एक, जमिनीपासून चाकाच्या मध्यापर्यंत, दुसरे, चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत. पहिल्या मापात फरक असेल तर दोष टायरचा किंवा हवेचा. दुसऱ्यात असेल तर स्प्रिंगकडे वळा. एखादा सेंटिमीटर इकडे-तिकडे चालतो; दोन-तीन सेंटिमीटर असेल तर दुर्लक्ष करू नका.

पण थांबा. एका कोपऱ्यात खाट बसली की समोरचा तिरका कोपरा उचलतो. तसेच पुढची एक स्प्रिंग बसली तरी गाडी मागून कललेली दिसते. म्हणून मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा आणि पुढे चॅसीच्या आडव्या दांड्याला बरोबर मध्यावर जॅक लावून पुढचा भाग थोडा उचला. मागचा कल गेला तर दोष पुढे आहे. राहिला तर मागे आहे. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही शिरू नये. चॅसीखाली भक्कम लाकडी ओंडके दिल्याशिवाय हातसुद्धा घालू नका.

आता बसलेल्या बाजूचे पाटे पाहा. माती खरवडून तारेच्या ब्रशने साफ करा. कमान सपाट झाली आहे का? एखादा पाटा तुटला आहे का? यू-बोल्टच्या आवळीखालची चीर सहज दिसत नाही, तिथे नीट पाहा. टोकांचे बुश खाल्ले गेले असतील तर तेही बदलावे लागतात. मोटारीच्या स्प्रिंगचे खालचे-वरचे शेवटचे वळे गंजून तुटते, ते बॅटरी लावून तपासा.

कधी दोन्ही बाजूंची उंची सारखी असूनही टायर घासतो. तेव्हा गाडी बसलेली नसते, ॲक्सल सरकलेला असतो. पाट्यांच्या मधून जाणारा सेंटर बोल्ट ॲक्सलला जागेवर धरून ठेवतो. यू-बोल्ट सैल राहिले की तो बोल्ट तुटतो आणि चाक मागे किंवा पुढे जाते. चाके सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी दोरी ताणून पाहा. दोरी कमी-जास्त भरली तर गाडी हलवू नका, तिथेच मिस्त्री बोलवा.

टायर नेमका कुठे घासतो ते कळत नसेल तर मडगार्डच्या आतून ओला चुना फासा, वाळू द्या, नेहमीचा माल भरून सावकाश थोडे अंतर चालवा. चुना जिथे पुसला जाईल तिथे घासतो. वरच्या बाजूला पुसला तर गाडी बसते आहे, भार जास्त आहे किंवा टायर मापापेक्षा मोठा आहे. पुढच्या वा मागच्या कडेला पुसला तर ॲक्सलचा संशय घ्या.

दुरुस्ती करताना एकाच बाजूला जादा पाटा चढवू नका. जुना आणि नवा बैल एका जुवाला जोडला तर जू तिरके जाते. स्प्रिंग दोन्ही बाजूंची जोडीने बदला, आणि काही दिवस गाडी चालली की यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या. माल भरतानाही पाहा : पन्नास किलोच्या वीस गोण्यांपैकी बारा एका अंगाला पडल्या तर त्या बाजूला दोनशे किलो जास्त होतात. आणि आरसी बुकात लिहिलेल्या वजनाच्या वर तर भरूच नका.

घासलेल्या टायरची बगल बोटाने चाचपा. फुगवटा आला असेल किंवा आतले धागे दिसत असतील तर तो टायर त्याच दिवशी काढा. बाजारातून परतताना त्याच गाडीत घरची माणसे बसतात. भरधाव गाडीचा टायर फुटला तर त्यांच्या जिवावर बेतेल.

गाडी चांगली असतानाच ही मापे घेऊन हिशेबाच्या वहीत लिहून ठेवा. पुढे शंका आली की वही उघडा, टेप लावा आणि मगच गॅरेजची वाट धरा.