ओव्या कापायला कात्री द्या, लेखक नको

'ज्ञानेश्वरी'ची युनिकोड फाइल हाती आली आणि तिच्यातून फक्त ओव्या वेगळ्या काढायच्या असल्या, तर आज कुणीही सांगेल: चॅटबॉटला दे, दोन मिनिटांत करून देईल. देईलही. पण नऊ हजारांच्या आसपास ओव्या. त्यातल्या एखाद्या ओवीतलं जुनं रूप त्याने गुपचूप आजच्या मराठीत 'सुधारलं', तर तुम्ही पकडणार कसं?

अशा कामाला पर्लचं पॅटर्न मॅचिंगच हवं. पॅटर्न मजकुरात एक अनुस्वारही नव्याने घालू शकत नाही. आहे तेवढंच कापून देतो.

लॅरी वॉलने १९८७ साली आणलेली ही भाषा, आणि तो स्वतः भाषाशास्त्र शिकलेला. 'पर्ल मेली' म्हणून हसणाऱ्यांनी एवढं करून बघावं: पायथनच्या नेहमीच्या मॉड्यूलला शब्द वेगळे काढायला सांगितलं, तर 'मराठी'तून 'मर' आणि 'ठ' एवढंच हाती येतं. काना-वेलांटी त्याच्या लेखी शब्दाचा भागच नाही! पर्ल अख्खा शब्द उचलते, देवनागरी अंकही ओळखते. फक्त फाइल उघडताना ती युटीएफ-८ आहे हे सांगायचं, नाहीतर एकेका चिन्हाचे तीन-तीन बाइट तिला सुटे दिसतात.

ओवीच्या शेवटी दंडांमध्ये क्रमांक असतो: ॥ १२ ॥. तिथपर्यंतचं कापायला नुसतं 'टिंब-तारा' लिहिलंत आणि ओळी ओलांडायची मुभा दिलीत, तर पॅटर्न हावरटासारखा शेवटच्या ओवीपर्यंत सगळं गिळतो. पुढे प्रश्नचिन्ह लावा, पहिल्याच क्रमांकाशी थांबेल.

खरी गंमत पुढे आहे. हाताने टाइप केलेल्या फाइलमध्ये कुठे ॥ असतो, कुठे दोन एकेरी दंड, कुठे कीबोर्डवरच्या दोन उभ्या रेघा. पॅटर्न तिथे फसतो आणि दोन ओव्या एकत्र चिकटतात. समजा अध्यायाचा शेवटचा क्रमांक २७५ आणि तुकडे मिळाले २७२. तीन कुठे चिकटल्या ते शोधता येतं, पॅटर्न दुरुस्त करता येतो. चॅटबॉटने बदललेला शब्द असा मोजणीत सापडत नाही.

पॅटर्न दिसायला भयंकर असतो, कबूल. विरामचिन्हांची मारामारीच. पण ती एकच ओळ मित्राला पाठवा, त्याच फाइलवर त्यालाही तेच तुकडे मिळतील. राजवाडे प्रत आणि साखरे प्रत दोन्हींच्या ओव्या अशाच कापा, शेजारी शेजारी मांडा, पाठभेद बघा. मग अर्थावरून हवं तेवढं चॅटबॉटशी भांडत बसा.