फुटलेले भांडे कोणाकडे राहावे?

विमा म्हटला की आपल्या घरांत दोनच गोष्टी निघतात. तो जायज आहे का, आणि माणूस गेल्यावर घरच्यांना किती मिळणार. पहिल्या प्रश्नावर उलमांमध्ये मतभेद आहेत. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने १९८५ मध्ये ठराविक हप्त्याचा व्यापारी विमा नाजायज ठरवला आणि परस्पर सहकार्याच्या विम्याला मान्यता दिली. आम्ही मुफ्ती नाही, म्हणून त्यात पडत नाही. आपापल्या आलिमांना विचारावे. खटकतो तो दुसरा प्रश्न. भरपाई म्हणजे 'मला काय मिळेल' एवढाच अर्थ आपण धरून बसलो आहोत.

उर्दूतला 'जामिन' आणि मराठीतला 'जामीन' हे मूळ एकाच अरबी शब्दाचे. त्याच घराण्यातला फिक्हचा शब्द आहे 'जमान', म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचे जे गेले ते भरून देण्याची जबाबदारी. इथे भरपाई मागायची नसते, द्यायची असते.

बुखारी शरीफमध्ये एक घरगुती प्रसंग आहे. प्रेषित (स.) एका पत्नीच्या घरी होते. दुसऱ्या पत्नीने खादिमाच्या हाती खाण्याचे भांडे पाठवले. घरातल्या पत्नीला ते रुचले नाही, त्यांनी खादिमाच्या हातावर फटका मारला आणि भांडे फुटले. प्रेषितांनी (स.) तुकडे गोळा केले, सांडलेले अन्न गोळा केले. रागावले नाहीत, पण खादिमाला थांबवून घेतले. त्या घरातले चांगले भांडे त्याच्या हाती दिले आणि फुटलेले तिथेच ठेवले. भांड्याच्या बदल्यात भांडे, ना जास्त ना कमी.

दुसरा निवाडा सूरह अंबियामध्ये येतो. रात्री एका कळपाने कुणाचे तरी शेत खाल्ले. तपशील तफसीरकारांनी दिला आहे. ह. दाऊद (अ.स.) यांनी नुकसानीपोटी कळपच शेतवाल्याला देऊन टाकला. ह. सुलैमान (अ.स.) यांचा निवाडा वेगळा होता. मेंढ्या शेतवाल्याकडे राहाव्यात, दूध-लोकर त्याने घ्यावी. मेंढ्यावाल्याने शेतात राबावे. पीक पूर्वीसारखे उभे राहिले की ज्याचे त्याला परत. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना यातली खुबी लगेच कळेल. शेतवाल्याचे नुसते पीक जात नाही, पुढचे पीक हाती येईपर्यंतची चूल जाते. ती चूल दुधावर चालली. आणि मेंढ्यावालाही कायमचा बुडाला नाही.

आता आपल्या मोहल्ल्यात या. दहावीतल्या एका मुलाने वडिलांची स्कूटर काढली आणि भाजीची गाडी लावणाऱ्या एका बाईंना धडक दिली. पाय मोडला. स्कूटरचा विमा संपलेला, मुलाला लायसन कुठून असणार! चार वडीलधारे बसले, काही हजार देऊन 'आपसात' मिटवले. 'अल्लाहची मर्जी' असेही कुणीतरी म्हणाले. बाई तीन महिने खाटेवर होत्या, गाडी बंद होती. त्या तीन महिन्यांची चूल कुणी मोजलीच नाही. मुलाचे भवितव्य मात्र सगळ्यांनी मोजले. फुटलेले भांडे बाईंच्याच घरी राहिले.

मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये 'थर्ड पार्टी' विमा सक्तीचा आहे तो नेमका यासाठी. तो गाडीवाल्याच्या नुकसानीसाठी नसतो, रस्त्यावरच्या परक्या माणसासाठी असतो. २०१८ पासून नव्या दुचाकीबरोबर तो पाच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, आणि घोटाळा तिथेच होतो. दुकानदाराने कागद दिला, आपण कपाटात ठेवला. पाच वर्षे कधी सरली ते कळलेच नाही. जुनी स्कूटर ओळखीत विकत घेतली तर ना नाव बदललेले, ना विमा पाहिलेला. मग दंड भरावा लागेल याची तेवढी भीती. पहिल्या वेळी तो दोन हजार आहे. विमा नसताना जखमी माणसाची भरपाई मालकाच्या खिशातून जाते, हे फारसे कुणी बोलत नाही.

मूल गाडी चालवत असेल तर विमा असूनही सुटका नाही. अनेक खटल्यांत कोर्ट कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला लावते आणि ते मालकाकडून वसूल करायची मुभा देते. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड होऊ शकतो, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही.

भगिनींना एक सांगणे. स्कूटरची किल्ली बहुधा तुमच्याच हातून मुलाकडे जाते, 'जरा दही घेऊन ये' म्हणून. विम्याचा कागद कपाटातून काढा, शेवटची तारीख वाचा. कागद सापडत नसेल तर मोबाईलवर एमपरिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर घातला की विम्याची मुदत दिसते. दही पायी जाऊनही आणता येते.