नुसती हिरवळ पुरत नाही

कोकणातल्या जुन्या देवरायांमध्ये उन्हाळ्यात धनेशाची मादी ढोलीत शिरते आणि विष्ठा, चिखल थापून दार लिंपून घेते. उरते ती फक्त चोच बाहेर निघेल एवढी फट. आत अंडी, बाहेर नर. वड-उंबराची फळं घशातून एकेक वर काढत तो तिला भरवत राहतो. हा संसार मांडायला म्हातारं, रुंद बुंध्याचं, पोटात पोकळ झालेलं झाड लागतं. त्याच रानात कर्णा कुजक्या खुंटात बीळ कोरतो आणि पावसाच्या सुरुवातीला नवरंग खालच्या झुडपात काटक्यांचं गोल घरटं रचतो.

१९६१ साली रॉबर्ट आणि जॉन मॅकआर्थर या भावांनी अमेरिकेतल्या पानगळीच्या जंगलांत दाखवून दिलं की, पक्ष्यांची विविधता झाडांच्या जातींपेक्षा पानोऱ्याच्या थरांवर अधिक अवलंबून असते. उष्ण कटिबंधात हिशेब इतका सरळ नाही, पण थरांचं महत्त्व इथेही आहेच.

आपण मात्र रोपं मोजतो. एकाच वयाची अकेशिया, काजू किंवा रबराची लागवड दुरून हिरवीगार दिसते. धनेशाला तिथे ढोली कुठून मिळणार? देवरायांचं सुशोभीकरण तर त्याहून वाईट: वेली तोडा, पाचोळा झाडा, वर फरशी बसवा! वनीकरणाच्या अहवालात जगलेल्या रोपांशेजारी ढोलीच्या आणि उभ्या वाळक्या झाडांचा एक रकाना वाढवायला फारसा खर्च येणार नाही.