पऱ्हाटीचा भाव कोणाच्या पदरात?

फेब्रुवारी-मार्चमध्ये संध्याकाळच्या एसटीने यवतमाळहून पांढरकवड्याकडे निघालात, तर खिडकीतून दिसणारा सगळाच धूर चुलींचा आहे असे समजू नका. वेचणी संपलेल्या वावरांत पऱ्हाट्यांचे ढीग जळत असतात. ज्या कपाशीसाठी शेतकरी कर्ज काढतो, तिचे लाकूड तो काडी लावून संपवतो. हेक्टरी दोन-तीन टन तरी हा माल निघतो.

१९९४च्या सुमारास याच जिल्ह्यातल्या एका बँकशाखेत मी अधिकारी होतो. एक तरुण पऱ्हाटीपासून बोर्ड बनवण्याचे कर्जप्रकरण घेऊन आला. कल्पना हवेतली नव्हती. माटुंग्याच्या 'सिरकॉट' या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने असे बोर्ड करून दाखवलेले आहेत. यंत्रे, वीज, मजुरी, सारे त्याने नीट मांडले होते. कच्च्या मालाच्या रकान्यात मात्र एकच शब्द होता: 'नाममात्र'. मी पेन्सिलीने त्याभोवती गोल काढला. नऊ टनांचा ट्रक मोकळ्या पऱ्हाटीने दोन-तीन टनांतच भरतो. बाकीचे भाडे आपण हवेचे देतो. प्रकरण मी परत केले. हिशेब माझाच बरोबर होता, पण तो दुरुस्त करायला त्याच्याबरोबर बसलो नाही, याची रुखरुख आहे. आज तो हार्डवेअरच्या दुकानात परगावाहून आलेले बोर्ड विकतो.

आता बोर्डाच्या पुढची भाषा सुरू झाली आहे. पऱ्हाटी म्हणजे लाकूडच. त्यात सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन असते. सेल्युलोजची साखर करून आंबवली की इथेनॉल मिळते. हेमिसेल्युलोज आम्लाबरोबर वाफेच्या दाबाखाली शिजवले (कुकरच म्हणा ना) की फरफ्युरल नावाचा, बदामासारख्या वासाचा द्रव निघतो. वंगणतेल शुद्ध करायला आणि ओतशाळांतल्या साच्यांची राळ बनवायला तो लागतो. आसामात नुमालीगढला सप्टेंबर २०२५ मध्ये अशा कारखान्याचे उद्घाटन झाले. वर्षाला ५ लाख टन हिरव्या बांबूपासून सुमारे ४९ हजार टन इथेनॉल, १९ हजार टन फरफ्युरल आणि ११ हजार टन ॲसेटिक ॲसिड, अशी त्याची आखणी आहे. मग साग-बांबूची जंगले आणि लाखो हेक्टर कपाशी असलेल्या यवतमाळला हे का नको, असा प्रश्न कोणीही विचारील.

उत्तर अमेरिकेतल्या एका जुन्या गोष्टीत आहे. फरफ्युरलचा धंदा १९२०च्या दशकाच्या आरंभी 'क्वेकर ओट्स' कंपनीने आयोवातल्या सीडर रॅपिड्सला सुरू केला, तो ओटच्या फोलपटांपासून. पण ती फोलपटे गिरणीतच साचलेली होती! उसाची चिपाडेही आपोआप साखर कारखान्यात येऊन पडतात. पऱ्हाटी मात्र वावरावावरांत विखुरलेली. ती मुळासकट उपटायची, तिथेच बारीक करायची, वाळवायची, मग गाडीत भरायची. इथली रसायनविद्या सोपी आहे, बंडी अवघड आहे. जिनिंगवाल्यांकडे आवार आहे, वजनकाटा आहे, शेतकऱ्याची जुनी ओळख आहे. गोळा करण्याची केंद्रे तिथेच निघावीत.

या खटाटोपाचा एक फायदा रसायनाइतकाच मोलाचा आहे. २०१७च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने कपाशीची काय दशा केली, ते आपण पाहिले. फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या धुऱ्यावर रचून ठेवू नका, अळी त्यात तग धरते, असे कृषी खाते दरवर्षी सांगते. नुसत्या सांगण्याने जे होत नाही, ते काट्यावर रोख पैसे मिळाले तर होईल. मात्र वाफेला पाणी लागते, आणि २०१८च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराने टँकरसाठी काढलेल्या रात्री मी विसरलेलो नाही. कारखान्याची जागा ठरवताना निळोणा आणि चापडोह धरणांकडे आधी बघावे लागेल. आम्लाच्या सांडपाण्याचे काय करणार, हेही आधीच लिहून घ्यावे.

पण माझी मुख्य काळजी वेगळी आहे. या भागात कित्येक ठिकाणी भूमिहीन बाया पऱ्हाटी उपटून देतात आणि मजुरी म्हणून तीच घरी नेतात. घाटंजीकडच्या एका खेड्यात मी मोठ्या उत्साहाने हे रसायनपुराण सांगत होतो. मोळी उतरवून टेकलेल्या एका बाईने विचारले की, मालकाने पऱ्हाटी विकली तर पावसाळ्यात चुलीत काय घालायचे? गॅसची टाकी तिच्या घरी होती, रिकामी. मला उत्तर देता आले नाही.

शकुंतला रेल्वे इथून कापूस घेऊन जाई, तो पुढे मँचेस्टरला पोचे. कापडाचा नफा तिकडेच राहिला; इकडे कच्च्या मालाचा भाव आला, तोही दलालाच्या हातून. आता पऱ्हाटीचे कंत्राटदार गावोगाव हिंडू लागतील, तेव्हा टनाचा दर ठरवण्याआधी उपटणीची मजुरी वेगळी आणि रोख ठरली पाहिजे. ती मोळीतल्या सरपणाच्या किमतीपेक्षा जास्त हवी. शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्यांनी हा सौदा करावा, आणि त्यांच्या सभासद-यादीत या बायांचीही नावे असावीत. आज माझ्यासमोर असे कर्जप्रकरण आले, तर मी पेन्सिल पुन्हा त्याच रकान्यावर ठेवीन. 'नाममात्र' म्हणजे नेमके कोणाच्या नावाने, एवढे विचारीन, आणि या खेपेला त्या पोराला खुर्ची देऊन हिशेब पुरा होईपर्यंत बसवून घेईन.