मतदान तेवढं इकडं

नांदेडहून निघालेली गाडी धर्माबाद सोडते आणि थोड्याच वेळात बासर येते. मधे कुठेतरी महाराष्ट्र संपलेला असतो. शिवार तेच, काळी माती तीच. स्थानकावरच्या पाटीची लिपी बदलली की राज्य बदलल्याचे कळते. आमच्याकडची कितीतरी लेकरे पहिले अक्षर गिरवायला बासरच्या सरस्वतीपुढे बसवली जातात. १९५६ पर्यंत हे देऊळ नांदेड जिल्ह्यातच होते.

गेल्या पंधरवड्यात याच गाडीत शेजारी एक म्हातारे शेतकरी बसले होते. "मामा, गाव कोणत्या राज्यात तुमचं?" असे मी विचारले. ते म्हणाले, "लेकी दिल्या तिकडं, बाजार तिकडं, दवाखाना तिकडं. पोरगं हैदराबादला सेंट्रिंगच्या कामावर. मतदान तेवढं इकडं." आवाजात तक्रार नव्हती. हवापाणी सांगावे तसे त्यांनी सांगितले आणि खिडकीबाहेर पाहू लागले. हा लेख त्या उत्तरामुळे लिहितो आहे.

२०१८ साली धर्माबाद तालुक्यातल्या ४० च्या आसपास गावांनी "आम्हाला तेलंगणात जाऊ द्या" अशी मागणी केली. मुंबई-पुण्याला ती चार दिवसांची बातमी होती. इथे तिचे कारण बांधावर उभे राहून दिसत होते. त्या वर्षी १ जानेवारीपासून तेलंगणाने शेतीला २४ तास मोफत वीज द्यायला सुरुवात केली. मे महिन्यात रयतु बंधू योजनेचे एकरी ४,००० रुपये पेरणीच्या आधी हातात आले. १५ ऑगस्टपासून शेतकऱ्याला ५ लाखांचा विमा लागू झाला. पलीकडचा सोयरा रात्री घरी झोपत होता आणि अलीकडचा, रात्रपाळीची वीज कधी येते याची वाट पाहत, बॅटरी घेऊन मोटारीजवळ बसत होता. रोटी-बेटीचा व्यवहार असलेल्या गावांत ही तुलना करायला कोणी पुढारी लागत नाही. लग्नाच्या पंगतीत ती आपोआप होते.

पुढे २०१९ च्या विधानसभेआधी नायगाव, भोकर, देगलूर, किनवट, हदगाव या भागांतली काही मंडळी तेलंगणाचे तेव्हाचे मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांना भेटून आली. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांच्या पक्षाची नांदेडला मोठी सभा झाली आणि त्याच वर्षाच्या शेवटी तेलंगणातली त्यांची सत्ता गेली. पक्ष आला तसा ओसरला. गावांच्या मागणीचे मूळ मात्र त्या पक्षात नव्हते, म्हणून पक्ष ओसरल्यावर मागणीही मेली असे समजणे चूक आहे.

२०२२ चा हिवाळा आठवा. सांगलीच्या जत तालुक्यातल्या ४० गावांनी पाण्यासाठी २०१२ मध्ये केलेला ठराव कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी उकरून काढला आणि त्या गावांवर हक्क सांगितला. पाठोपाठ नाशिकच्या सुरगाणा तालुक्यातली गावे गुजरातेत जाऊ म्हणाली आणि देगलूर-बिलोलीकडून तेलंगणाची भाषा पुन्हा ऐकू आली. त्याच हिवाळ्यात, २७ डिसेंबरला, आपल्या विधिमंडळाने बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकी या शहरांसह ८६५ गावांची इंचन्‌ इंच जमीन महाराष्ट्रात आणण्याचा ठराव एकमताने केला. तो ठराव मला मनापासून मान्य आहे. बिदर, भालकी, औरादची मराठी माणसे उदगीर-निलंग्याच्या घराघरांत नात्यात आहेत, माझ्याही आहेत. पण यायला उत्सुक असलेल्यांसाठी ठराव होतो आणि जायला निघालेल्यांसाठी एक दिवसाचीही चर्चा होत नाही, याचे मला अतोनात दुःख झाले. सीमाप्रश्न म्हणजे पलीकडे राहिलेली माणसे, एवढाच अर्थ आपण धरला. अलीकडे राहिलेल्यांचाही सीमाप्रश्न असतो.

या भागाची रेघ कशी पडली हे आज नांदेड-लातूरच्या तरुणांनाही फारसे ठाऊक नसते. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली आणि १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. आपला तुकडा तेव्हाच्या मुंबई राज्यात आला. त्या वेळच्या कायद्यात नुसते तालुकेच नव्हे, महसुली मंडळेही मोजून वाटली आहेत. देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळे, मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळे नांदेडमधून कापून तिकडे दिली. आदिलाबादेतून किनवट इकडे आले. बिदर जिल्ह्यातून अहमदपूर, निलंगा आणि उदगीर आले आणि तेव्हाच्या उस्मानाबादला जोडले गेले. लातूर जिल्हा त्यांना घेऊन १९८२ मध्ये वेगळा झाला. म्हणजे आज "आमचे राज्य" म्हणून आपण ज्या रेघेवर छातीठोक बोलतो, ती एका पिढीच्या डोळ्यांदेखत ओढली गेली. मुधोळ-भैंशाच्या मराठी माणसाने काही गुन्हा केला नव्हता आणि देगलूरच्या माणसाने काही पुण्य केले नव्हते.

ती रेघ गाव ठराव करून पुसू शकत नाही, हेही सांगितले पाहिजे. घटनेच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेचा आहे. विधिमंडळाचे मत मागवले जाते, पण ते बंधनकारक नसते. आंध्रच्या विधानसभेने २०१४ च्या जानेवारीत विभाजनाचा मसुदा फेटाळला, तरी २ जूनला तेलंगण झाले. ग्रामपंचायतीच्या ठरावाला तर या सगळ्यात जागाच नाही. सरपंचांना हे कळत नाही असे ज्यांना वाटते त्यांनी कधी सीमेवरच्या सरपंचाशी बोलून पाहावे. त्यांना सगळे कळते. ठराव हा त्यांच्या हातातला एकच कागद आहे जो मुंबईत वाचला जातो.

तेलंगण आणि मराठवाडा या एकाच घरच्या दोन लेकी. दोघींची दुसऱ्या घरी पाठवणी करताना लेखी वचने दिली गेली. मराठवाड्यासाठी २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार झाला: लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च, नोकऱ्यांत वाटा, विकासाकडे खास लक्ष. तेलंगणासाठी २० फेब्रुवारी १९५६ ला दिल्लीत आंध्र आणि तेलंगणाच्या नेत्यांचा समझोता झाला. तिकडचे वचन मोडले म्हणून १९६९ मध्ये आंदोलन पेटले, शेकडो तरुणांचे जीव गेले आणि ती लेक अखेर वेगळे घर करून राहिली. आपण मात्र "आम्ही बिनशर्त आलो" हे अभिमानाने सांगत राहिलो. स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ यांच्या पिढीला भाषेचे एक राज्य हवे होते आणि त्यांच्या मनात हिशेब नव्हता. त्यांच्या त्या मोठेपणाचा अर्थ पुढच्या राज्यकर्त्यांनी "यांना काही द्यावे लागत नाही" असा काढला. गोविंदभाईंना त्यानंतर सारे आयुष्य मराठवाडा जनता विकास परिषदेतून हिशेब मागत फिरावे लागले.

हिशेब मागण्यासाठी एक खिडकी होती. घटनेच्या ३७१ (२) कलमाखाली १९९४ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी वैधानिक विकास मंडळे झाली. अनुशेष मोजायचा आणि राज्यपालांमार्फत निधीच्या वाटपावर लक्ष ठेवायचे, हे त्यांचे काम. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. टाळेबंदीचे दिवस होते आणि मुदतवाढ झाली नाही. २०२२ मध्ये पुनर्स्थापनेचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला तेवढा. मंडळाने मराठवाड्याचे सोने केले असे मी म्हणणार नाही. पण राज्याने स्वतःच्या मागासपणाचा आकडा दरवर्षी कागदावर मांडण्याची ती सक्ती होती. तीही गेल्यावर सीमेवरच्या माणसाने कुठे जाऊन विचारावे?

आणि यात मुंबईला एकटीला दोष देऊन मी मोकळा होणार नाही. शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख, अशोक चव्हाण असे चार मुख्यमंत्री नांदेड आणि लातूर या दोनच जिल्ह्यांनी दिले. २००९ मध्ये विभागीय आयुक्तालय नांदेडला की लातूरला यावर दोन्ही शहरे रस्त्यावर उतरली. तेव्हा मीही लातूरच्या बाजूने तावातावाने बोललो होतो. त्याच वेळी मुखेड तालुक्यात महाराष्ट्र आणि आंध्रच्या भागीदारीतला लेंडी प्रकल्प १९८० च्या दशकापासून रखडलेला होता. त्यासाठी कोणत्याही शहराने एक दिवस बाजार बंद ठेवला नाही. आज त्याची लाज वाटते.

राज्य सोडण्याची भाषा गाव करते त्याच्या कितीतरी आधी माणसांनी गाव सोडलेले असते. मुखेड, कंधार, लोहा, जळकोट, अहमदपूर या डोंगराळ पट्ट्यातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला टोळ्या निघतात. उन्हाळ्यात मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. कोणी कर्नाटकात, कोणी पश्चिम महाराष्ट्रात. कोणी हैदराबादच्या इमारतींवर, कोणी वीटभट्टीवर. घरात म्हातारी माणसे आणि शाळेतली लेकरे उरतात. दुसरीकडे लातूर पॅटर्नमधून निघालेली हुशार मुले पुण्याला, हैदराबादला, बंगळूरला जातात आणि बहुतेक तिकडेच राहतात. कोयत्याने जाणारा चैत्रात परत येतो, पदवीने जाणारा फारसा येत नाही. स्थलांतरावर महाराष्ट्रात मोठमोठी भाषणे होतात, पण ती येणाऱ्यांबद्दल असतात: बाहेरून कोण आले, कोणाची नोकरी गेली. आपल्याच राज्यातून आपलेच लोक दरवर्षी बाहेर जातात, त्यांची धड नोंद ग्रामपंचायतीतही नसते. २०२० च्या टाळेबंदीत हैदराबादहून नांदेडकडे चालत निघालेल्या माणसांना सीमा पहिल्यांदा दिसली, कारण ती बंद होती.

सोडून जाण्याची भाषा गावेच करतात असे नाही. ब्रिटनमध्ये २३ जून २०१६ ला लोकांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला, ५२ विरुद्ध ४८. त्या वादाच्या केंद्रस्थानी बाहेरून येणारी माणसे होती. बाहेर पडल्यावर येणाऱ्यांची संख्या घटेल असे सांगितले गेले. २०२२-२३ मध्ये ती उलट विक्रमी वाढली. मला त्यातला वेगळाच भाग महत्त्वाचा वाटतो. कॉर्नवॉल आणि वेल्सचे खाणपट्टे, म्हणजे संघाचा निधी सर्वाधिक घेणारे भागच, बाहेर पडा म्हणाले. माझ्या समजुतीप्रमाणे त्यांचा राग लंडनवर होता आणि तो ब्रुसेल्सवर निघाला. आपल्याकडे निदान राग योग्य पत्त्यावर आहे. धर्माबादचा शेतकरी कोणा परक्याला हाकला म्हणत नाही. आमच्या पोरांना गाव सोडावे लागू नये म्हणून आम्ही राज्य सोडतो, असे तो म्हणतो.

तरीही गावांनी जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. योजना सरकारबरोबर येतात आणि जातात. आज महाराष्ट्रातही साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीजबिल माफ आहे आणि तिकडे रयतु बंधूचे नावही राहिले नाही. सीमा मात्र नातवंडांच्या नावावर राहते. तिकडे गेलात तर हैदराबादसाठीही तुम्ही टोकच असाल, वर भाषेने अल्पसंख्य. मुधोळ-भैंशात मराठी शाळा टिकवायला किती धडपडावे लागते ते तिथल्या मास्तरांना विचारा. पण "जाऊ नका" म्हणण्याचा हक्क मला फुकट मिळत नाही. विकास मंडळ परत आणा, सीमेवरच्या तालुक्यांसाठी दोन्ही राज्यांचे बोलणे वर्षातून दोनदा देगलूरला किंवा निजामाबादला बसून होऊ द्या, पलीकडच्या दवाखान्यात आपल्या माणसाची आरोग्य योजना चालू द्या, हंगामी जाणाऱ्यांची नोंद गावात ठेवा. यातल्या एकाही गोष्टीला घटनादुरुस्ती लागत नाही.

आणि नदी कोणाची, हे मांजरेला विचारावे. बीडच्या डोंगरात उगवून ती धनेगावच्या धरणातून लातूरला पाजते, पुढे बिदरहून तेलंगणात शिरून सिंगूरमधून हैदराबादला पाजते, निजामसागर भरते आणि कंदकुर्तीला गोदावरीत मिळते. २०१६ च्या एप्रिलमध्ये धनेगाव कोरडे पडले तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले. त्या रांगेत घागर घेऊन मी उभा होतो. रांगेत कोणी राज्याचे नाव काढले नाही.

धर्माबाद तालुक्यात गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे, १४ दरवाज्यांचा, २.७४ टीएमसीचा. २८ फेब्रुवारी २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे १ जुलै ते २८ ऑक्टोबर त्याचे दरवाजे उघडे ठेवावे लागतात. पावसाळ्याचे पाणी तेलंगणातल्या श्रीरामसागर धरणात जाते. दरवाजे खाली आल्यावर नदीला जे उरलेले असते ते अडते आणि त्यातलेही ०.६ टीएमसी १ मार्चला खाली सोडायचे असते. दरवाजे पडतात ते दिवाळीच्या आगेमागे. तेच दिवस मुखेड-कंधारच्या वाड्या-तांड्यांवरून ट्रक भरण्याचे. यंदा २९ ऑक्टोबरला मी बाभळीला जाणार आहे आणि तिथून मुखेडला. पाणी किती अडले आणि माणसे किती गेली, दोन्ही आकडे त्या आठवड्याच्या सदरात देईन.