तीन मिनिटांच्या जादूवरचा खटला

टीव्हीवरच्या टॅलेंट शोंनी रंगमंचावरची जादू बुडवली, हा आरोप आता इतक्यांदा ऐकू येतो की तो तपासून पाहायच्या भानगडीत कुणी पडतच नाही. म्हणे अडीच तासांचा खेळ तीन मिनिटांवर आला, कॅमेरा आणि एडिटिंग दिमतीला असल्यावर हातचलाखी हवीच कुणाला, आणि परीक्षकांना तर त्यातलं ओ की ठो कळत नाही.

तीन मिनिटांचा मुद्दा आधी घेऊ. 9 एप्रिल 1956 ला बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमात जादूगार पी. सी. सरकारांनी आपल्या सहायक तरुणीला यांत्रिक करवतीने कापलं. मग तिचे हात चोळले, हाका मारल्या. ती उठेना. तेवढ्यात निवेदक पुढे आले आणि कार्यक्रम संपला! मुलगी मेली या समजुतीने लोकांनी बीबीसीचे फोन दणाणून सोडले. वेळ अगदी त्याच क्षणी संपावी हा योगायोग, असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल मानावं. लंडनच्या ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरातल्या सरकारांच्या खेळांना त्यानंतर गर्दी लोटली. टीव्हीने थिएटरचा प्रेक्षक पळवला नाही, आणून दिला. ती स्पर्धा नव्हती, हे खरं. पण स्पर्धेतही तेच घडतं. ‘अमेरिकाज गॉट टॅलेंट’ 2014 मध्ये जिंकणाऱ्या मॅट फ्रँकोला पुढच्याच वर्षी लास व्हेगासमध्ये स्वतःचा कायमचा शो मिळाला. 2015 मध्ये हरलेला पिफ, तो ड्रॅगनचा पोशाख घालून कुत्र्याला खेळात घेणारा, त्यानेही तिथेच बस्तान बसवलं.

हातचलाखीचं म्हणाल, तर त्याच शोचा 2018 चा विजेता शिन लिम पाहा. मनगटाच्या दुखण्यापायी पियानो सुटलेला हा माणूस पत्ते हाती घेतो आणि एक शब्द न बोलता सही केलेला पत्ता नाहीसा करतो, तोंडातून धूर सोडतो. एडिटिंगने ही बोटं तयार होत नाहीत. पत्त्यांच्या जादूचं जागतिक पारितोषिक त्याने 2015 मध्येच पटकावलं होतं, तेही ‘फिझम’ या जादूगारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धेत.

परीक्षकांबद्दलची तक्रार मात्र खरी आहे. नाच, कसरत आणि जादू यांना एकाच तराजूत तोलणारा परीक्षक डोळे विस्फारण्यापलीकडे काय करणार? पण हा दोष स्पर्धेचा नव्हे, खुर्चीवर बसवलेल्या माणसाचा. 1948 पासून चालत आलेल्या फिझममध्ये जादूचे जाणकारच गुण देतात. हाताची सफाई पाहतात, तसंच सादरीकरण आणि कल्पनेचा नवेपणाही. उसनी युक्ती तिथे फार काळ खपत नाही.

आणि रंगमंचाची एवढी काळजी असेल, तर तिकिटं कोण काढतं तेही पाहावं. पुण्याच्या जादूगार रघुवीरांच्या घराण्याची तिसरी पिढी प्रयोग करते आहे. स्पर्धांच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांपैकी कितीजणांनी तो तिकीट काढून पाहिलाय? अख्खी संध्याकाळ खेळ रंगवणं स्पर्धेत शिकता येत नाही, मान्य. ते प्रयोगामागून प्रयोग करूनच येतं, आणि प्रयोग प्रेक्षकांवर चालतात.

तेव्हा स्पर्धा बंद करा म्हणण्याऐवजी वाहिन्यांकडे एवढीच मागणी करू या: जादूगार मंचावर येणार असेल त्या दिवशी परीक्षकांत निदान एक जादूगार बसवा.