खाते पुसण्यापूर्वी

मार्चअखेर जवळ आली की दुकानातल्या टॅलीची साफसफाई निघते. वर्षानुवर्षे न फिरकलेले ग्राहक, विक्रीतून गेलेला माल, एकाच माणसाची दोन खाती. घरातला शिकलेला मुलगा म्हणतो, "अब्बा, जुनं सगळं डिलीट करून टाकतो." अब्बांनी लगेच होकार देऊ नये, असे आम्ही सुचवू.

ज्या खात्यावर किंवा मालावर एकही व्यवहार नाही, ते ऑल्टरमध्ये उघडून ऑल्ट-डी दाबले की जाते. व्यवहार असतील तर टॅली ते पुसू देत नाही. ही अडचण नव्हे, राखण आहे. काही जण मग आधी बिलेच पुसतात. तेथे घोटाळा होतो. बिलांचे क्रमांक तुटतात, साठा चुकतो आणि जीएसटीत भरलेले आकडे वहीशी जुळत नाहीत. बिल चुकले असेल तर ऑल्ट-एक्सने रद्द करावे. रक्कम जाते, क्रमांक राहतो. मात्र विवरणात गेलेल्या बिलाला हात लावण्याआधी हिशेबनीसाला विचारावे.

मग यादी आटोपशीर कशी करावी? 'बंद ग्राहक' असा गट करून जुनी खाती त्यात हलवावीत. दोन खाती एकाच माणसाची असतील तर जर्नल नोंदीने बाकी एकात आणावी आणि दुसऱ्याच्या नावापुढे 'बंद' लिहावे. मालाचेही तसेच करावे.

काहीही करण्याआधी बॅकअप घ्यावा, तो पेनड्राइव्हवर ठेवावा आणि वेगळ्या फोल्डरमध्ये उघडून पाहावा. मूळ जागीच उघडला तर चालू हिशेबावर जुना हिशेब बसू शकतो.

कायद्याचेही भान हवे. जीएसटीखालील हिशेब वार्षिक विवरणाच्या अंतिम मुदतीपासून 72 महिने जपावे लागतात. 2023-24 च्या विवरणाची मुदत 31 डिसेंबर 2024 होती, म्हणजे त्या वर्षाच्या वह्या 31 डिसेंबर 2030 पर्यंत हव्यात. अपील चालू असेल तर त्याहूनही अधिक काळ लागू शकतो.

याहून मोठी गोष्ट घरची आहे. मालकाचा इंतकाल झाला तर वारसांत वाटणी होण्याआधी कर्ज फेडावे लागते. कोणी ॲडव्हान्स दिला होता, कोणत्या व्यापाऱ्याचे देणे राहिले, हे त्या 'जुन्या' खात्यांतच असते. खाते पुसले म्हणून देणे फिटत नाही. फक्त मुलांना ते कळत नाही. आपली येणी बुडतात ती वेगळीच.

म्हणून या मार्चमध्ये मुलाला शेजारी बसवून प्रत्येक जुन्या खात्याची बाकी पाहावी. शून्य नसेल तर त्या माणसाला आधी फोन करावा.